कुत्रा असलेल्या घरातील सुगंधी वस्तू : नवख्या श्वानपालकांसाठी मार्गदर्शक

घरात पहिल्यांदाच कुत्रा आला की पहिल्याच पावसाळ्यात वासाचा प्रश्न हमखास उभा राहतो. ओले अंग, न वाळणारी गादी, पावसामुळे बंद ठेवलेल्या खिडक्या आणि कोपऱ्यात कधीतरी झालेली शू यांचा मिळून एक दर्प तयार होतो, आणि त्यावर उपाय म्हणून बहुतेक घरांत सर्वांत आधी रूम फ्रेशनर आणला जातो. अशा बहुतेक फ्रेशनरांनी मूळ वास जात नाही, त्यावर अधिक तीव्र वासाचा थर चढतो आणि आपल्या नाकाला काही काळ पहिला वास जाणवेनासा होतो. कुत्र्याच्या नाकाला मात्र दोन्ही वास जाणवत राहतात. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात आणि काही जातींत ही संख्या ३० कोटींपर्यंत जाते.

याचा अर्थ असा नव्हे की घरात एकदा स्प्रे मारला की कुत्रा आजारी पडेल. निरोगी, प्रौढ कुत्र्याला हवेशीर खोलीतल्या मंद सुगंधाने बहुधा काही होत नाही, आणि याबाबत समाजमाध्यमांवर पसरवली जाणारी भीती पुष्कळदा अवाजवी असते. गंभीर विषबाधा होते ती प्रामुख्याने तोंडावाटे, म्हणजे वस्तू चावल्याने, सांडलेले द्रव चाटल्याने किंवा अंगावर पडलेले तेल चाटून पोटात गेल्याने. त्वचेचा क्रमांक दुसरा आणि श्वासाचा तिसरा लागतो. अपवाद आहे तो श्वसनाचा त्रास असलेल्या कुत्र्यांचा, आणि त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. पुढील पायऱ्यांचा क्रमही याच विचाराने ठरवला आहे.

पहिली पायरी : घरातील सुगंधी वस्तूंची यादी करणे

कागद-पेन घेऊन घरभर फिरावे आणि वास सोडणारी प्रत्येक वस्तू लिहून काढावी. रूम फ्रेशनर म्हटले की स्प्रेचा डबा तेवढा डोळ्यांसमोर येतो, पण मराठी घरात सुगंधाचे स्रोत त्याहून कितीतरी अधिक असतात. देवघरात अगरबत्ती, धूप, ऊद, गुग्गुळ आणि कापूर असतो. कपाटात, मोरीच्या जाळीवर आणि वॉश बेसिनमध्ये डांबरगोळ्या असतात. संडासात टांगलेला सुगंधी ठोकळा, फरशीसाठी फिनाईल किंवा लिंबाच्या वासाचे क्लीनर, झोपण्याच्या खोलीत डासांचे लिक्विड मशीन किंवा कॉइल, आणि बैठकीच्या खोलीत भेट म्हणून आलेला डिफ्युझर (सुगंधी तेल हवेत पसरवणारे उपकरण) अथवा सुगंधी मेणबत्ती असते. गाडीतला परफ्यूम आणि बाथरूममधले ठरावीक वेळाने आपोआप फवारणारे यंत्रही यादीत धरावे.

ही पाहणी एकदा उभ्याने करावी आणि एकदा जमिनीवर बसून. उभ्याने न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी बसल्यावर दिसतात : पलंगामागच्या सॉकेटमध्ये खोचलेली लिक्विडची बाटली, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून घरंगळलेली डांबरगोळी, सोफ्याशेजारच्या बुटक्या टेबलावरची, काड्यांवाटे सुगंध पसरवणाऱ्या डिफ्युझरची बाटली. विशेषतः पिल्लू घरी असेल तर त्याला जे पोहोचण्याजोगे आहे ते ते चावून पाहणारच, असे गृहीत धरून चालावे. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : वस्तू कुत्र्याच्या तोंडाला पोहोचते का, ती किती तास चालू असते, आणि ती चालू असताना कुत्र्याला त्या खोलीतून बाहेर पडता येते का. एका खोलीच्या घरात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते.

दुसरी पायरी : वासाचे मूळ शोधणे

नवखे पालक घाईघाईने ओलांडतात ती हीच पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही हीच आहे. कुत्र्याच्या अंगाला येणारा वास ही त्याच्या प्रकृतीची माहिती असते. तो झाकला की माहितीही झाकली जाते.

ओल्या कुत्र्याचा ओळखीचा वास त्याच्या केसांवर राहणाऱ्या जिवाणूंमुळे आणि यीस्टमुळे येतो. केस भिजले की त्यांनी तयार केलेली द्रव्ये पाण्याच्या वाफेबरोबर हवेत पसरतात, म्हणून अंग नीट पुसून कोरडे केले की तो ओसरतो. पोटाखाली, काखेत आणि पायांच्या बोटांमध्ये टॉवेल फिरवला नाही तर बाकीचे अंग कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. अंग कोरडे असतानाही आंबूस, जुनाट वास येत असेल, त्वचा तेलकट किंवा लालसर दिसत असेल आणि कुत्रा सतत खाजवत असेल, तर तो त्वचेचा संसर्ग असू शकतो. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल, बीगल अशा लोंबत्या कानांच्या जातींत दमट हवेत कानात यीस्ट वाढणे फार सामान्य आहे. कान उचलून हुंगल्यास लगेच कळते.

तोंडाची दुर्गंधी बहुधा दातांवरच्या किटणामुळे आणि हिरड्यांच्या आजारामुळे येते. मात्र श्वासाला अमोनियासारखा वास येऊ लागला तर मूत्रपिंडाची, आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला तर मधुमेहाच्या गुंतागुंतीची शंका घेऊन तपासणी करावी लागते. अचानक मासळीसारखा उग्र वास येणे आणि कुत्र्याने पार्श्वभाग जमिनीवर घासणे ही गुदग्रंथी तुंबल्याची खूण असते. शिस्त लागलेला कुत्रा एकाएकी घरात शू करू लागला, तर त्याला रागावण्याआधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

नसबंदी न केलेल्या मादीच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरू नये. माज संपल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत योनीमार्गातून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, तहान वाढणे आणि अन्नावरची वासना जाणे ही गर्भाशयात पू झाल्याची लक्षणे असू शकतात. हा आजार प्राणघातक आहे आणि त्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. काही वेळा गर्भाशयाचे तोंड बंद राहिल्याने स्राव दिसतही नाही, तेव्हा केवळ वासावर विसंबून राहू नये. परंतु जिथे वास येत असतो तिथे तो फ्रेशनरने झाकून दोन-तीन दिवस गमावणे परवडणारे नसते.

तिसरी पायरी : काय काढून टाकावे

यादीतील सर्व वस्तू सारख्याच धोकादायक नसतात. काहींची जागा बदलली तरी पुरते, तर काही कुत्रा असलेल्या घरात ठेवूच नयेत. त्यांत डांबरगोळ्यांना मी पहिले स्थान देतो.

या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या किंवा पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. नॅफ्थॅलीन अधिक घातक असते; ते पोटात गेल्यावर तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. लहान चणीच्या कुत्र्याला एकच गोळी गंभीर आजारी पाडू शकते. या गोळ्या पांढऱ्या, गोल आणि चेंडूसारख्या घरंगळणाऱ्या असल्याने पिल्लांना त्या खेळणेच वाटतात, आणि आपल्याकडे त्या मोरीच्या जाळीवर उघड्या टाकण्याची पद्धत असल्याने बाथरूमच्या फरशीवरचे पाणी चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात त्यांचा अंश जाऊ शकतो. लोकरी कपड्यांसाठी हवाबंद पिशव्या वापराव्यात आणि मोरीची जाळी नियमित घासावी, म्हणजे गोळ्यांची गरजच उरत नाही.

कापूर दिसायला निरुपद्रवी आणि परंपरेने पवित्र, त्यामुळे त्याच्याकडे संशयाने कोणी पाहत नाही. आरतीच्या वेळी जळणारी एखादी वडी हा फारसा चिंतेचा विषय नव्हे. गिळलेला कापूर मात्र वेगाने शोषला जातो आणि त्यामुळे झटके येऊ शकतात. म्हणून कापराचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो उंचावर ठेवावा. हल्ली विजेवर चालणाऱ्या कापूरदाणीत वड्या ठेवून बंद खोलीत रात्रभर ती चालू ठेवण्याची पद्धत पडली आहे, ती कुत्रा त्याच खोलीत झोपत असेल तर सोडून द्यावी. याहून काळजीचा प्रकार म्हणजे गोचीड जाण्यासाठी खोबरेल तेलात कापूर विरघळवून कुत्र्याच्या अंगाला चोळणे. शेजारीपाजारी हा उपाय इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की नवख्या माणसाला तो न करणे हाच निष्काळजीपणा वाटू लागतो. कापूर त्वचेतून शोषला जातो, आणि खोबरेल तेल लावलेले अंग न चाटणारा कुत्रा सहसा सापडत नाही, त्यामुळे तो दोन्ही वाटांनी शरीरात जातो.

सुगंधी तेलांबाबत, म्हणजे इसेन्शिअल ऑइलबाबत, ‘नैसर्गिक आहे, तेव्हा सुरक्षित आहे’ हा समज सर्वाधिक नुकसान करतो. टी ट्री तेलाच्या शुद्ध, पातळ न केलेल्या स्वरूपामुळे कुत्र्या-मांजरांना झालेल्या विषबाधेच्या ४४३ घटनांचा अभ्यास २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात लाळ गळणे, सुस्ती, पायांतील अशक्तपणा, तोल जाणे आणि थरथर ही लक्षणे प्रामुख्याने आढळली. ती साधारण दोन ते बारा तासांत सुरू होत होती आणि तीन दिवसांपर्यंत टिकत होती. टी ट्रीखेरीज विंटरग्रीन, पेनीरॉयल, निलगिरी, दालचिनी, लवंग, पेपरमिंट आणि लिंबूवर्गीय तेलेही कुत्र्याच्या अंगावर किंवा पोटात जाऊ नयेत. पाण्यात तेल घालून अल्ट्रासोनिक लहरींनी धुके उडवणाऱ्या डिफ्युझरमध्ये आणखी एक अडचण असते : त्याचे सूक्ष्म थेंब खाली बसतात, गादीवर आणि केसांवर साचतात, आणि कुत्रा अंग चाटू लागला की पोटात जातात. काड्यांच्या डिफ्युझरमधून असे धुके निघत नाही, पण ती बाटली कलंडली की एकाच वेळी पुष्कळ तेल आणि द्रावक जमिनीवर सांडते. घरात मांजरही असेल तर ही तेले पूर्णपणे टाळावीत, कारण मांजराच्या यकृताला अशी काही द्रव्ये निकामी करता येत नाहीत.

आपोआप फवारणाऱ्या यंत्रांमधील सेल, रिमोटमधील बटणासारखे चपटे सेल आणि जेलच्या डब्या हे चावण्याचे धोके आहेत. फुटलेल्या सेलमुळे तोंड आणि अन्ननलिका भाजते. गिळलेले प्लास्टिक किंवा जेलचा गोळा आतड्यात अडकू शकतो. यंत्र लावायचेच असेल तर ते भिंतीवर उंच बसवावे.

कॉइल आणि लिक्विड मशीन यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांचा मूळ हेतू सुगंध हा नसून डास घालवणे हा आहे आणि कुत्र्यांनाही डासांपासून संरक्षणाची खरी गरज असते. हृदयात वाढणारे हार्टवर्म हे जंत डासांमधूनच पसरतात. तरीही कॉइल बंद खोलीत लावू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, आणि जमिनीवर ठेवलेल्या कॉइलचा धूर सर्वांत आधी जमिनीवर झोपलेल्याच्या नाकात जातो. खिडक्यांना जाळी आणि छताचा पंखा हा कुत्र्यासाठी सर्वांत निर्धोक उपाय आहे. लिक्विड मशीनमधले औषध कुत्र्यांना सहसा सोसते, पण भरण्याच्या बाटलीत रॉकेलच्या जातीचे द्रावक असते, म्हणून ती चावण्याजोग्या उंचीच्या सॉकेटमध्ये लावू नये.

चौथी पायरी : वास खरोखर घालवणे

मूळ शोधून झाले की सफाईला लागावे. लघवीच्या डागावर आधी कोरडे फडके दाबून ओल शोषून घ्यावी, साध्या पाण्याने पुसावे आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमयुक्त (लघवीतील वासाचे घटक तोडणारे) क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ते तसेच राहू द्यावे. बहुतेक लोक ते लगेच पुसून टाकतात आणि मग उत्पादनच निकामी ठरवतात. लाद्यांच्या फटींत आणि भिंतीच्या कडेला लघवी मुरते, तिथे हे द्रव पोहोचले पाहिजे. अमोनियायुक्त क्लीनर वापरू नये, कारण त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा तीच जागा निवडतो.

ब्लीचबाबत विशेष सावध राहावे. लघवीतून अमोनिया तयार होतो आणि त्यावर ब्लीच ओतल्यास क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निर्माण होतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळल्यास क्लोरीन वायू बाहेर पडतो. दोन्ही प्रकार लहान बाथरूममध्ये माणसालाही घातक ठरतात. एन्झाइमचे क्लीनर मिळत नसेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फरशी पुसावी, पण संगमरवरावर किंवा कडाप्प्यावर ते वापरू नये, कारण आम्लामुळे दगडावर डाग पडतात.

फरशीच्या रोजच्या पुसण्यासाठी फिनाईल किंवा सुगंधी क्लीनर वापरत असाल तर ते बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावे आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. काळे फिनाईल टाळलेलेच बरे. कामाला येणाऱ्या मावशींना हे नुसते सांगून भागत नाही. झाकणाने माप घेऊन एकदा दाखवून द्यावे, कारण वास जास्त आला म्हणजे सफाई चांगली झाली ही समजूत सर्वांच्याच मनात पक्की रुजलेली असते.

गादीचे दोन अभ्रे ठेवावेत, म्हणजे एक धुवायला टाकला तरी दुसरा हाताशी असतो. धुताना सुगंधी फॅब्रिक कंडिशनर घालू नये. ऊन पडेल त्या दिवशी गादी गच्चीत टाकावी. पावसाळ्यात पंख्याखाली उभी करून वाळवावी. गादीवर खाण्याचा सोडा भुरभुरून पंधरा-वीस मिनिटांनी झटकला तर वास बराच कमी होतो, मात्र तेवढा वेळ कुत्रा दूर असावा आणि सोड्याचा डबा त्याच्या हाती लागू नये, कारण मोठ्या प्रमाणात खाल्लेला सोडा शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडवतो.

हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे असेल तर त्यात हेपा फिल्टरबरोबर कार्बनचा थरही आहे का ते विचारावे. हेपा धूळ आणि केस पकडतो, वास शोषण्याचे काम कार्बन करतो. ओझोन सोडून वास मारणारी यंत्रे मात्र घेऊ नयेत. ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रासदायक आहे, शिवाय लिंबाच्या वासाच्या उत्पादनांतील लिमोनीनशी त्याची क्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

पाचवी पायरी : सुगंध ठेवायचाच असेल तर

घरातील सर्वच सुगंध हद्दपार करावेत असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. देवघरातली अगरबत्ती बंद करा असे आजीला सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही नसते. तिथे एकच काडी लावावी, ती उंचावर असावी, खिडकी उघडी असावी, आणि धूर विरेपर्यंत कुत्रा दुसऱ्या खोलीत असावा एवढे पुरते. गणपतीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ आरती, धूप आणि पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा कुत्र्याची गादी देवाच्या खोलीपासून दूरच्या टोकाला हलवावी. दिवाळीत फटाक्यांचा धूर बाहेरून येतच असतो, त्यात घरातल्या सुगंधी मेणबत्त्यांची भर घालू नये.

फ्रेशनरबाबत मूळ नियम एकच आहे : कुत्र्याला त्या वासापासून उठून निघून जाता आले पाहिजे. म्हणून दार बंद केलेल्या खोलीत, पिंजऱ्याजवळ, गादीजवळ किंवा खाण्याच्या भांड्याजवळ काहीही लावू नये. सॉकेटमध्ये अहोरात्र चालणाऱ्या यंत्रापेक्षा गरजेपुरता मारलेला स्प्रे बरा, आणि तोही कुत्रा खोलीबाहेर असताना, खिडकी उघडून. कुत्र्याच्या अंगावर, पट्ट्यावर किंवा गादीवर रूम स्प्रे अथवा माणसांचा डिओडरंट कधीही मारू नये. गाडीत तर सुगंध नकोच. काचा बंद, एसीची हवा आतल्या आत फिरती आणि पळायला जागा नाही, अशा स्थितीत मळमळ आणि उलट्या होण्याचा संभव वाढतो.

वासांचा वागण्यावरही परिणाम होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यातील ५५ कुत्र्यांना वेगवेगळे वास देऊन पाहिले गेले, तेव्हा लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासात ती अधिक विसावली, तर रोझमेरी आणि पेपरमिंटच्या वासात त्यांची हालचाल आणि भुंकणे वाढले. यावरून लगेच लॅव्हेंडरचा डिफ्युझर घेऊन येऊ नये. वासाने शांत करायचे की नाही आणि किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

लेबल वाचताना एवढे लक्षात ठेवावे की ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दाखाली अनेक घटक दडलेले असू शकतात, आणि वास न येणाऱ्या उत्पादनातही मूळ वास दाबण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते.

पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जाती, श्वासनलिका खचण्याकडे कल असलेले पॉमेरेनियन आणि यॉर्कशायर टेरियर, तसेच खोकल्याचा जुना आजार किंवा हृदयविकार असलेले कुत्रे, अगदी लहान पिल्ले आणि गाभण मादी यांच्यासाठी ही पायरी लागू नाही. त्यांच्या घरात धूर आणि तीव्र सुगंध शक्य तेवढे शून्यावर आणावेत.

सहावी पायरी : लक्षणे ओळखणे आणि तातडीने काय करावे

कुत्रा निरोगी असतानाच त्याच्या दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. पहिली, गाढ झोपेत तो मिनिटाला किती श्वास घेतो. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास मोजावा. हा आकडा एरवी तीसच्या आत असतो. दुसरी, त्याच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग, जो निरोगी कुत्र्यात गुलाबी असतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळसर असतात, त्यांच्या बाबतीत खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

हवेतील वासाचा त्रास होत असल्यास शिंका, डोळ्यांतून पाणी, पंजाने तोंड घासणे, खोकला आणि त्या खोलीत जाण्याचे टाळणे ही लक्षणे दिसतात. अशा वेळी वस्तू बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि कुत्र्याला मोकळ्या हवेत न्यावे. बहुतेक वेळा तेवढ्याने आराम पडतो. खोकला थांबत नसेल, तोंड उघडे ठेवून धाप लागत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर मात्र वाट पाहू नये.

काहीतरी पोटात गेल्याची शंका असेल तर घरगुती उपाय करू नयेत, आणि आपल्याकडे तेच सर्वांत आधी केले जातात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे धोक्याचे आहे, कारण त्यातूनच मिठाची विषबाधा होऊ शकते. तेल किंवा रॉकेलसारखे द्रव उलटीवाटे वर येताना फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो, आणि दाहक क्लीनर वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. दूध पाजणे हा तर सर्वांच्या तोंडी असलेला उपाय. पण नॅफ्थॅलीन स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक शोषले जाते, त्यामुळे डांबरगोळी खाल्लेल्या कुत्र्याला दूध दिल्याने प्रकृती अधिकच बिघडू शकते. अंगावर तेल सांडले असेल तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने आणि कोमट पाण्याने धुवावे आणि दरम्यान कुत्रा अंग चाटणार नाही हे पाहावे. डोळ्यांत काही गेले असेल तर दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची संथ धार सोडावी.

डॉक्टरांना फोन करताना कुत्र्याचे अंदाजे वजन, वस्तूचे नाव, किती प्रमाणात आणि किती वाजता गेली हे सांगावे, आणि निघताना बाटली, पाकीट किंवा उरलेली गोळी पिशवीत घालून सोबत न्यावी. गोळी कशाची आहे हे वेष्टनावरून कळत नसेल तर दवाखान्याच्या वाटेवर असताना घरी थांबलेल्या कोणाला तरी हे करून पाहायला सांगता येते : तशीच दुसरी गोळी साध्या पाण्यात टाकावी, ती तरंगली तर कापूर. बुडाली तर अर्धा पेला कोमट पाण्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात टाकावी. तरंगली तर नॅफ्थॅलीन, बुडाली तर पॅराडायक्लोरोबेंझिन. या चाचणीसाठी निघण्यास मात्र क्षणभरही उशीर करू नये.

बरेचसे खासगी दवाखाने रात्री बंद असतात, तेव्हा रात्री उघडा असणारा एक दवाखाना आधीच शोधून त्याचा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवावा. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या प्राण्यांवर उपचार करत आले आहे. त्याखेरीज मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ आणि उदगीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळच्या महाविद्यालयातील उपचाराच्या वेळा आजच विचारून ठेवाव्यात.

डांबरगोळीच्या बाबतीत पहिल्या दिवशी उलटीपलीकडे काही दिसले नाही तरी निर्धास्त होऊ नये. रक्तपेशी फुटण्याचे परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या दिवशी रक्ताची पुन्हा तपासणी करून घ्यावी, आणि तोवर रोज हिरड्या आणि लघवी पाहावी. हिरड्या फिकट, पिवळसर किंवा तपकिरी दिसल्या, अथवा लघवी गडद चहासारखी होऊ लागली, तर पुढच्या नियोजित तारखेची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठावा.